लघवीच्या पिशवीचे जुने दुखणे : दुर्बिणीच्या आधी आणि नंतर

आज आम्ही ज्या दुखण्याबद्दल बोलणार आहोत, ते बचत गटाच्या बैठकीत कोणी मोठ्याने सांगत नाही. बैठक संपते, वही बंद होते, पैसे मोजून पेटीत जातात आणि मग एखादी मागे रेंगाळते. "ताई, मला सारखं लघवीला जावं लागतं. ओटीपोटात दुखतं. जाऊन आलं की जरा बरं वाटतं, परत भरलं की परत कळ." किती दिवस झाले विचारले तर उत्तर वर्षांत येते. तीन वर्षे. पाच वर्षे. धाकटा झाला तेव्हापासून.

आपल्याकडे याला पहिले नाव मिळते उन्हाळे. धने-जिऱ्याचे पाणी पी, सब्जा पी, उन्हात जाऊ नको. दोन-चार दिवसांची जळजळ असेल तर त्याने बरे वाटतेही. त्यानंतर दुसरे नाव मिळते, इन्फेक्शन. पाच दिवसांच्या गोळ्या मिळतात. परत दुखले की परत गोळ्या. आमच्या ओळखीच्या एका बाईने वर्षभरात कितीतरी वेळा अशा गोळ्या घेतल्या आणि तेवढ्या काळात लघवीची तपासणी एकदाही झाली नव्हती. शेवटी झाली तेव्हा लघवी स्वच्छ निघाली. दवाखान्यात सांगितले, काही नाही. घरी सांगितले, काही नाही तर मग कामाला ऊठ.

लघवी स्वच्छ आणि दुखणे खरे, असे होऊ शकते. लघवीच्या पिशवीला, म्हणजे मूत्राशयाला, आतून एक अस्तर असते. लघवीतले तिखट-खारट पिशवीच्या भिंतीला लागू नये म्हणून ते अस्तर राखण करते. काही बायकांत हे अस्तर दुबळे होते आणि आतल्या नसा हुळहुळ्या होतात. पिशवी थोडी भरली तरी कळ येते. चांगली पिशवी अर्ध्या लिटरच्या बाटलीइतके साठवू शकते. या बायकांना कपभर साठले तरी धरवत नाही. दिवसात वीस-पंचवीस वेळा, रात्रीही चार-पाच वेळा उठावे लागते. डॉक्टर याला ब्लॅडर पेन सिंड्रोम किंवा इंटरस्टिशियल सिस्टायटिस म्हणतात. नाव लक्षात राहिले नाही तरी चालेल. लक्षात ठेवायचे ते एवढे की दीड महिन्याहून जास्त काळ असे दुखत असेल, लघवीत जंतू नसतील आणि दुसरे कारणही सापडत नसेल, तर हा आजार असू शकतो. अमेरिकेतल्या गाय हनर नावाच्या डॉक्टरांनी १९१५ साली अशा बायकांच्या पिशवीत आतून दिसणाऱ्या जखमांबद्दल लिहिले. त्यानंतरही फार वर्षे तिकडच्या डॉक्टरांना हे बायकांच्या मनाचे खेळ वाटत होते. तेव्हा आपल्या सासूबाईंना एकट्यांना दोष नको.

आता शब्दांचा एक घोळ आधी मिटवून घेऊ, कारण या घोळाने आपल्या बायकांचे फार नुकसान होते. आपण नुसते 'पिशवी' म्हणतो तेव्हा आपल्या डोक्यात गर्भपिशवी असते. "तिची पिशवी काढली" म्हटले की सगळ्यांना कळते काय काढले. लघवीची पिशवी वेगळी. ती पुढे असते, गर्भपिशवी तिच्या मागे. दोन्ही ओटीपोटातच, म्हणून दुखणे कुठले ते बाईला नीट सांगता येत नाही. 'पिशवीला सूज आहे' एवढेच कानावर पडले की काही जणी घाबरून दवाखान्यात जायचेच सोडतात, तर काही जणी काढून टाका म्हणून मोकळ्या होतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचे तुम्ही ऐकले असेल. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. ८२ हजारांहून जास्त बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांहून जास्त बायकांची गर्भपिशवी काढलेली आढळली. ओटीपोटात दुखते, अंगावरून जाते, अशा तक्रारी घेऊन गेलेल्या कितीतरी बायका त्यात होत्या. लघवीच्या पिशवीचे दुखणे असेल तर गर्भपिशवी काढून ते जात नाही. म्हणून डॉक्टर 'पिशवी' म्हणाले की लगेच विचारायचे, "कुठली पिशवी, डॉक्टर? लघवीची की गर्भाची?" यात लाजायचे काही नाही.

दुर्बिणीपर्यंत जाण्याआधी बाकीच्या आजारांची शंका फिटायला हवी. लघवीची साधी तपासणी, लघवीचे कल्चर आणि सोनोग्राफी. मूतखडा आहे का, साखर आहे का, ते यात कळते. आपल्या भागात आणखी दोन गोष्टी आवर्जून सांगायच्या. पहिली क्षयाची. टीबी फुप्फुसालाच होतो असे नाही, तो मूत्रपिंड आणि लघवीच्या पिशवीलाही होतो. लघवीत पू दिसतो पण साध्या कल्चरमध्ये जंतू येत नाहीत, असा रिपोर्ट असेल तर टीबीची तपासणी करायची का, हे विचारायलाच हवे. घरात कोणाला टीबी झाला असेल तर तेही सांगायचे. टीबीची पिशवी ताणायची नसते, तिला टीबीचेच औषध लागते आणि ते सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. दुसरी गोष्ट सिकलसेलची. त्याबद्दल पुढे भुलेच्या ठिकाणी बोलू. लघवीतून रक्त जात असेल तर, दुखो वा न दुखो, थांबायचे नाही. तंबाखू, विडी, मिश्री असेल तर तेही डॉक्टरांना खरे सांगायचे.

दुर्बीण हा पहिला उपाय नव्हे. आधी खाण्यात बदल करून पाहतात, लघवीच्या वेळा हळूहळू लांबवतात, ओटीपोटाचे आवळलेले स्नायू सैल करायचे व्यायाम शिकवतात, रात्री घ्यायच्या गोळ्या देतात. खाण्याचे प्रत्येकीचे वेगळे असते. चहा, मिरची, चिंच, कैरी, टोमॅटो, थंड पेयाची बाटली यांपैकी काहीतरी बहुतेकींना बाधते. सगळे एकदम कायमचे सोडायचे नाही. तीन-चार आठवडे बंद ठेवायचे, मग एकेक परत सुरू करून बघायचे. कोरा चहा सोडणे आपल्याकडे सगळ्यात अवघड, हे आम्हाला माहीत आहे. पाणी मात्र तोडायचे नाही. वीटभट्टीवर, चिकूच्या वाडीत, फुग्यांच्या कारखान्यात आडोसा नसतो म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नाहीत आणि मग लघवी घट्ट होऊन जास्त चावते.

या काळात आम्ही बायकांना तीन दिवसांचा लघवीचा कागद करायला सांगतो. लिहिता येत नसले तरी येतो. कागदाच्या वर एकीकडे सूर्य काढायचा, दुसरीकडे चंद्र. लघवीला गेले की त्या त्या बाजूला एक रेघ. फार दुखले तर रेघेवर टिंब. जमले तर जुन्या मापाच्या भांड्यात धरून किती झाली तेही बघायचे. डॉक्टरकडे पाच मिनिटे मिळतात. त्या पाच मिनिटांत "सारखं जावं लागतं" म्हणण्यापेक्षा सत्तावीस रेघांचा कागद पुढे ठेवलेला बरा. कागद बघितल्यावर डॉक्टरांचे प्रश्न बदलतात, हे आम्ही पाहिले आहे.

एवढे करूनही दुखणे हटले नाही तर लघवीच्या विकारांचे डॉक्टर, म्हणजे युरोलॉजिस्ट, दुर्बीण सुचवतात. आशागडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा डहाणूच्या कॉटेज हॉस्पिटलमध्ये आधी दाखवावे, चिठ्ठी घ्यावी आणि पुढे जावे. मुंबईत नायर, केईएम, जेजे या मोठ्या रुग्णालयांत हे डॉक्टर असतात. तलासरीकडच्या बऱ्याच जणी वापी, वलसाड, सिल्वासाला जातात. कुठेही गेलात तरी जुने सगळे कागद एका पिशवीत घालून न्या. (ही कापडाची पिशवी!)

दुर्बिणीत करतात काय? लघवीच्या वाटेनेच एक बारीक नळी आत घालतात, तिच्या टोकाला कॅमेरा असतो. पोटावर चीर नाही, टाका नाही. मग पिशवी आतून पाण्याने हळूहळू भरतात आणि काही मिनिटे ताणून धरतात. जागेपणी ही पिशवी इतकी ताणू देत नाही, म्हणून भूल देऊन करतात. ताणल्यावर आतली भिंत नीट दिसते. हनर यांनी सांगितलेल्या जखमा दिसल्या तर त्या तिथेच जाळतात किंवा त्यात इंजेक्शन देतात. शंका वाटली तर तपासायला छोटा तुकडा काढतात. सगळे मिळून फार वेळ लागत नाही.

आता नीट ऐका. ही दुर्बीण बघण्यासाठी आहे आणि आराम मिळतो का ते पाहण्यासाठी आहे. आजार मुळासकट उपटण्यासाठी नाही. काही जणींना काही आठवडे, काही महिने खूप बरे वाटते. जखमा सापडून जाळल्या तर आराम जास्त टिकू शकतो. काही जणींना काहीच फरक पडत नाही. हे आधी घरच्यांच्याही कानावर घाला. "एवढे पैसे घातले, मुंबईला नेलं, तरी हिचं चालूच" हे वाक्य नंतर ऐकावे लागू नये म्हणून नवऱ्याला, सासूला डॉक्टरांसमोरच हे ऐकू द्या.

संमतीच्या कागदावर अंगठा किंवा सही करण्याआधी विचारायचे: फक्त बघणार की ताणणारही? तुकडा काढणार का? भूल कंबरेत की पूर्ण? लघवीची नळी किती वेळ ठेवणार? त्याच दिवशी घरी सोडणार का? यापैकी एकही प्रश्न आगाऊपणाचा नाही.

तयारीतली पहिली गोष्ट म्हणजे लघवी त्या वेळी स्वच्छ असली पाहिजे. जंतू असताना दुर्बीण घातली तर ते रक्तात जाऊ शकतात. म्हणून आठवडाभर आधी परत तपासणी करतात. त्या दिवसांत जळजळ वाढली, ताप आला तर लपवू नका. तारीख पुढे गेली तरी चालेल. रक्त पातळ करायच्या गोळ्या, हृदयाच्या, बीपीच्या, साखरेच्या गोळ्या चालू असतील तर पाकिटासकट दाखवा. कुठली थांबवायची, कुठली चालू ठेवायची हे डॉक्टरच सांगतील, आपल्या मनाने बंद करू नका. झाडपाल्याचे, भगताचे औषध चालू असेल तर तेही सांगा. ते रागावतील म्हणून बायका सांगत नाहीत, पण भूल देणाऱ्या डॉक्टरला ते माहीत असणे आपल्याच भल्याचे. पाळी चुकली असेल तर आधी सांगा.

आणि सिकलसेल. आपल्या वारली, कोकणा, मल्हार कोळी, दुबळा घरांत हा आजार आहे, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेत किंवा शिबिरात तपासणी झाली असेल, कार्ड मिळाले असेल तर ते सोबत न्या. कार्ड नसेल तर दुर्बिणीआधी तपासणी करून घ्या. सिकलसेलचा आजार असलेल्या बाईला फार वेळ उपाशी-तहानलेले ठेवणे, थंडी वाजू देणे, प्राणवायू कमी पडणे हे सगळेच बाधते. डॉक्टरांना आधी कळले तर ते सलाइन लावतात, काळजी घेतात. मुंबईच्या डॉक्टरला आपल्या पाड्याचे नाव ऐकून हे सुचेलच असे नाही. आपणच सांगायचे.

उपाशी कधीपासून राहायचे ते नर्स सांगते. बहुतेक वेळा रात्रीच्या जेवणानंतर काही खायचे नसते, पाण्याची वेळ वेगळी सांगतात. 'घोटभर चहाने काय होतं' असे घरचे म्हणतात. होते. भुलेत उलटी होऊन ती श्वासनळीत जाऊ शकते. बांगड्या, जोडवी, नथ, मंगळसूत्र घरीच उतरवून ठेवा. मंगळसूत्र काढायला जीव घाबरा होतो, पण ऑपरेशनच्या खोलीत ते काढावेच लागते आणि दवाखान्यात हरवले तर जास्त घोर. नखांचा रंग पुसा, कारण बोटाला चिमटा लावून प्राणवायू मोजतात. येताना घालायला सैल गाऊन न्या. परकराची नाडी ओटीपोटावर आवळली की नको होते.

कंबरेतल्या इंजेक्शनचे भय सगळ्यांनाच असते. त्याने पाय काही तास जड राहतात, मग मोकळे होतात. कायमचे कंबरेचे दुखणे त्यानेच लागते अशी जी समजूत आहे तिला आधार नाही. डोके दुखू शकते. उठून बसल्यावर फार दुखत असेल तर सांगायचे.

जाण्यायेण्याचा विचार आधी करा. डहाणूहून चर्चगेटची लोकल २०१३ पासून सुरू झाली, सोय झाली. पण लोकलमध्ये शौचालय नसते. दर वीस मिनिटांनी लघवी लागणाऱ्या बाईला तीन तास त्या डब्यात बसवणे म्हणजे शिक्षा आहे. लांब पल्ल्याच्या गाडीत शौचालय असते, ती बघा. नाहीतर मध्ये उतरायचे हे धरूनच लवकर निघा. परत येताना मोठा पॅड लावा, सोबत एक कोरडी साडी ठेवा आणि बरोबर एक बाई असू द्या. भूल दिलेल्या दिवशी एकटीने प्रवास करायचा नाही.

आता नंतरचे. शुद्धीवर आल्यावर लघवीची नळी असली तर घाबरू नका, ती काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी काढतात. नळी काढल्यावर स्वतःहून लघवी झाल्याशिवाय दवाखाना सोडायचा नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत लघवी गुलाबी दिसते, चावते, झोंबते. तुकडा काढला असेल तर थोडे जास्त दिवस. काही गोळ्यांनी लघवी केशरी होते, ते रक्त नव्हे. पाणी दिवसभर थोडे थोडे प्या. तांब्याभर एकदम पिऊन पिशवी फुगवू नका. कोमट पाण्याच्या बाटलीने ओटीपोट शेका. भुलेने बधिर असलेल्या अंगावर शेक देऊ नका, भाजलेले कळत नाही. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका.

इथे बहुतेक जणी धीर सोडतात. ताणल्यानंतर पहिले एक-दोन दिवस दुखणे आधीपेक्षा वाढते. वाटते, होते तेच बरे होते. ही वाढ बहुतेकींची ओसरते, आणि फायदा झाला की नाही हे दोन ते चार आठवड्यांनी कळते. तोवर निकाल लावायचा नाही.

हंडा उचलायचा नाही. मोळी नाही, भाताचे पोते नाही, वाकून लावणी नाही. किती दिवस ते डॉक्टरांना विचारून घ्या, साधारण आठवडा-दोन आठवडे धरून चाला. नवऱ्याजवळ जाणेही झोंबणे थांबेपर्यंत आणि डॉक्टर सांगतील तोपर्यंत टाळायचे. हे बाईला घरी सांगता येत नसेल तर दवाखान्यातल्या सिस्टरला सांगा, त्या नवऱ्याला समजावून सांगतात. पोटावर टाका दिसत नाही, म्हणून घरात कोणाला हे आजारपण वाटत नाही. दुसऱ्या दिवशी हंडा हातात येतो. इथे गटाचे काम आहे. दहा बाया आहेत. पाण्याची पाळी लावली तर दोन आठवड्यांत एकीच्या वाट्याला एक-दोन दिवस येतात. आमच्याकडच्या एका गटाने बाळंतिणीसाठी अशी पाळी लावली होती, तीच वही पुढे चालू ठेवली.

तातडीने दवाखान्यात कधी जायचे? थंडी वाजून ताप आला. लघवी लाल भडक झाली, गाठी पडू लागल्या. पाच-सहा तास लघवी झालीच नाही आणि ओटीपोट तट्ट फुगले. पोटात असह्य कळ, पोट कडक, उलट्या. क्वचित ताणताना पिशवीला चीर पडते, तेव्हा असे होते. रात्र असली तरी १०८ ला फोन करा आणि परवा दुर्बीण झाली आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. डिस्चार्ज कार्ड उशाशीच ठेवा.

पैशाचे थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत सगळेच उपचार बसत नाहीत, म्हणून तारीख घेण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड आणि आधार दाखवून विचारा. १५५३८८ या नंबरवरही विचारता येते. जाण्यायेण्याचा, सोबतच्या बाईच्या जेवणाचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च योजनेत धरू नका. तो हिशेब आधी करा. गटाचे अंतर्गत कर्ज आहेच, आणि उमेदच्या ग्रामसंघाकडे जोखीम प्रवणता निधी असतो, तो आजारपणासाठीही मागता येतो. ठराव दुर्बिणीच्या आधीच्या बैठकीत घालावा. तिथे आजाराचे नाव सांगण्याची सक्ती नाही, 'दवाखान्याचे काम' एवढे पुरते.

चार आठवड्यांनी परत दाखवायला जाताना सूर्य-चंद्राचा नवा कागद करून न्या, तीन दिवसांचा, आणि जुना त्याच्या शेजारी ठेवा. सत्तावीसच्या अठरा रेघा झाल्या असतील तर तो आराम आहे, बाईला स्वतःला तो जाणवला नसला तरी. तेवढ्याच राहिल्या असतील तर पुढचे उपाय आहेत. पिशवीत नळीने औषध सोडतात, गोळ्या बदलतात. आणि तुकडा काढला असेल तर त्याचा रिपोर्ट मागून घ्या. तो काही दिवसांनी येतो, तोपर्यंत आपण घरी आलेलो असतो, आणि कोणी आणायला गेले नाही तर तिथेच पडून राहतो.